लग्नानंतर धंद्याचा करार: गोव्यात काय लिहिता येतं आणि काय नाही

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. डिचोलीत काजूचा कारखाना, सासऱ्यांनी सुरू केलेला, आता मिस्टरांच्या नावावर प्रोप्रायटरशिप. लग्नाला ११ वर्षं झाली, तुमचं माहेर सावंतवाडीचं पण लग्नाची नोंद डिचोलीच्याच सिव्हिल रजिस्ट्रारकडे. गेली ८ वर्षं हिशेब, जीएसटी, दुकानदारांच्या ऑर्डरी सगळं तुम्ही बघता आणि कागदावर तुमचं नाव कुठेच नाही. दोघांत भांडण नाही, पण जवळच्या नात्यात घटस्फोट होताना धंद्याची जी फरफट झाली ती बघून दोघांनाही वाटतंय की आत्ताच काहीतरी लिहून ठेवावं. पुण्याच्या मैत्रिणीने पोस्टनपचा (लग्नानंतर नवरा-बायकोत होणाऱ्या कराराचा) तयार फॉरमॅट पाठवलाय, त्यात तुम्ही कारखान्यावरचा हक्क सोडणार आणि मिस्टर घरावरचा. हे ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून चालेल का, आणि सासऱ्यांना कसं सांगायचं, असे तुमचे दोन प्रश्न.

मी फोंड्यात २२ वर्षं वकिली करते, त्यातली निम्मी वर्षं नवरा-बायको आणि धंदा यांच्या मधल्या कागदांतच गेली. तर सरळ सांगते, तो फॉरमॅट करू नका. तुमची इच्छा चुकीची नाही, कागद चुकीचा आहे. महाराष्ट्रात ज्याच्या नावावर त्याचं, या समजुतीवर तो बेतलेला आहे आणि गोव्यात मुळात तसं नाहीच.

आमच्याकडे लग्न लागलं की मालमत्तेचाही निकाल लागतो. पोर्तुगीजांचा १८६७ चा सिव्हिल कोड गोव्यात १८७० पासून लागू झाला, १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने इथले कायदे तसेच चालू ठेवले, वारसाहक्काचा भाग पुढे २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात गेला पण नवरा-बायकोच्या मालमत्तेचं सूत्र तेच राहिलं. लग्नाआधी तुम्ही काहीच लिहून ठेवलं नसेल तर दोघांची सगळी मालमत्ता समाईक होते, लग्नाआधीची आणि नंतरची, कमावलेली आणि वारशाने आलेलीसुद्धा, आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. अपवाद आहेत, उदाहरणार्थ देणाऱ्याने ‘ही समाईक होणार नाही’ अशी अट घालून दिलेली वस्तू, पण ते अपवादच. ज्यांना वेगळं हवं असतं त्यांना ते लग्नाआधीच ठरवावं लागतं, तेही सब-रजिस्ट्रारपुढे रीतसर इश्क्रितुर (करारपत्र) करून, आणि मगच लग्नाच्या नोंदीवर सही. आणि लग्न झाल्यावर ते ठरलेलं बदलता येत नाही. समाईक असेल तर समाईक, वेगळं असेल तर वेगळं. दोघं राजीखुशीने तयार असले तरीही नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हा शेवटचा भाग पटत नाही, ‘आम्ही दोघं तयार आहोत ना मॅडम, मग?’ असं म्हणतात. पण यात सावकार, बँका, मुलं, भावंडं सगळ्यांचा संबंध येतो म्हणून कायद्याने ते दार बंद ठेवलंय.

नोटरीबद्दल पण लोकांचा फार घोळ होतो. कोर्टाबाहेर बसणारे वकील नोटरी शिक्का मारतात तो वेगळा आणि आमच्या लग्नाआधीच्या कराराला लागतो तो स्पेशल नोटरी वेगळा, म्हणजे सब-रजिस्ट्रार ऑफिसातला अधिकारी. नुसत्या शिक्क्याने एवढंच सिद्ध होतं की अमुक माणसाने अमुक दिवशी सही केली, मजकूर कायद्यात बसतो की नाही याच्याशी त्या शिक्क्याचा काही संबंध नाही.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून धंदा आणि गाव सांगत नाही. नवरा-बायको दोघं मिळून धंदा चालवायचे, लग्नानंतर ६ वर्षांनी बाहेरच्या राज्यातल्या एका वकिलाकडून अगदी तुमच्यासारखा कागद करून घेतला, बायकोने धंदा सोडला, नवऱ्याने फ्लॅट सोडला. पुढे खरोखर फाटलं. तोवर धंदा तिप्पट झाला होता आणि फ्लॅटवर मात्र धंद्याचंच कर्ज होतं. बाई माझ्याकडे आली, तिच्या हातात तो कागद आणि डोळ्यांत पाणी, ‘मी सही केलीय म्हणजे सगळं गेलं ना?’ गेलं नव्हतं. तिचा अर्धा हक्क त्या कागदाने जात नव्हता. पण नवऱ्याने त्याच कागदाच्या भरवशावर चार वर्षं निर्णय घेतले होते, त्यामुळे दोघंही फसले, तीन वर्षं कोर्टात गेली आणि शेवटी सेटलमेंट झाली तेव्हा धंदा अर्धा उरला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, खोटा धीर देणारा कागद हा कागदच नसण्यापेक्षा वाईट.

आता हे सगळं काही बाबींवर अवलंबून आहे ते आधी तपासून घ्या. तुमच्या लग्नाची नोंद इथेच झाली, मिस्टर मूळ गोव्याचे, म्हणजे समाईकच धरून चालायला हरकत नाही. तरी रजिस्ट्रारकडून लग्नाच्या नोंदीची प्रत काढा आणि दुसऱ्या सहीच्या आधी (आमच्याकडे लग्नाच्या नोंदीसाठी दोनदा सही करावी लागते) काही करार केला होता का हे सासूसासऱ्यांना विचारा, कधीकधी घरच्यांनी केलेला असतो आणि मुलांच्या लक्षातच नसतं. ज्यांचं लग्न फक्त सावंतवाडीला किंवा कोल्हापूरला नोंदलंय, किंवा नवरा-बायको दोघं बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेत, त्यांनी माझं हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नका, तिथे डोमिसाइल, म्हणजे कायमचं वास्तव्य कुठलं ते, बघावं लागतं. दोघांपैकी एकाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय तर तो आणखी वेगळा विषय. आणि ‘गोव्याबाहेर प्रॉपर्टी घेतली की सुटलो’ असं कोणी सांगत असेल तर तेही खरं नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ साली सांगितलंय की गोव्याच्या डोमिसाइलच्या माणसाच्या बाहेरच्या मालमत्तेलाही हाच कायदा लागतो.

मग करता काय येतं? बरंच काही. कारखाना कोणाचा हे लग्नानंतर बदलता येत नाही. पण कारखाना कोण चालवणार, सह्या कोणाच्या, पैसे कोण कसे काढणार, एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी काढायची आणि ती किती दिवसांत द्यायची, हे सगळं लिहिता येतं. फक्त ते लग्नाच्या कागदात लिहायचं नाही, धंद्याच्या कागदात लिहायचं. पार्टनरशिप डीडमध्ये (भागीदारीच्या करारनाम्यात), एलएलपीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीच्या करारात किंवा कंपनीच्या आर्टिकल्समध्ये (नियमावलीत). तिथे तुम्ही नवरा-बायको म्हणून सही करत नाही, दोन भागीदार म्हणून करता, आणि त्या करारामागे धंद्याचे कायदे उभे राहतात.

म्हणून माझा पहिला सल्ला, प्रोप्रायटरशिप सोडा. प्रोप्रायटरशिपमध्ये दोघांत करार करायला जागाच नसते, कारण कागदावर धंदा म्हणजे तो एकटा माणूस. पार्टनरशिप स्वस्त आणि सोपी, पण फर्मची नोंदणी करून घ्या, नोंदणी नसेल तर फर्मला येणी वसूल करायला दावा लावता येत नाही आणि भागीदारांनाही एकमेकांवर डीडप्रमाणे दावा लावताना अडचण येते. दुसरी अडचण अशी की फर्ममध्ये तुम्ही दोघंच असाल आणि एक जण गेला किंवा बाहेर पडला तर फर्मच संपते, एका माणसाची फर्म नसते. एलएलपीत दुसरा भागीदार आणायला सहा महिने मिळतात. प्रायव्हेट लिमिटेड केली तर शेअर कोणाला विकता येतील यावरचं बंधन आर्टिकल्समध्येच आलं पाहिजे, वेगळ्या करारात लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं तर कंपनीवर ते बंधनकारक होत नाही. तुमच्या आकाराच्या कारखान्याला मी एलएलपी सुचवेन, पण सीएशी बोलून, कारण रूप बदललं की पॅन बदलतो, नवा जीएसटी नंबर घ्यावा लागतो, शिल्लक क्रेडिट नव्या नंबरवर वळवावं लागतं, फूड लायसन्स, पंचायतीचं लायसन्स, बँकेचं खातं सगळं पुन्हा. कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचं असतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डीडमध्ये तुम्ही ७०-३० लिहिलं तरी त्याचे दोन्ही हिस्से शेवटी त्याच समाईक पेटीत पडतात. म्हणजे घटस्फोटाच्या वेळी ‘माझे ७० टक्के’ असं तो म्हणू शकणार नाही. मग टक्के लिहायचे कशाला? तर मतदानाला, निर्णयाला, रोजच्या कारभाराला. आणि बाहेर पडण्याचं कलम असं लिहायचं की जो धंदा ठेवेल त्याने दुसऱ्याच्या वाट्याची पूर्ण किंमत द्यायची. अर्धा हक्क मारणारं कलम कोर्टात टिकणार नाही, अर्ध्याची किंमत नीट मोजणारं कलम मात्र सेटलमेंटच्या टेबलावर सगळ्यात आधी उघडलं जातं, आणि बहुतेक वेळा दोन्ही वकील त्याच्यापासूनच सुरुवात करतात. हे मी अनेकदा बघितलंय.

किंमत मोजायच्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. तुमचाच धंदा घ्या. मार्च ते मे तुम्ही वर्षभराची बी विकत घेता, उन्हात वाळवून पोत्यांत भरून गोदामात थप्पी लावता. समजा ३१ मे ला ८० लाखांची बी आहे आणि सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेल्या उचलीच्या) खात्यात ५५ लाख उचललेत. हातात उरले २५. तीच बी वर्षभर उकडून, फोडून, बोरम्यात (गर वाळवायच्या भट्टीत) वाळवून, साल काढून, ग्रेडिंग करून विकली जाते, दिवाळीचा माल उधारीवर गेलेला असतो, आणि फेब्रुवारीत बघाल तर गोदाम जवळजवळ रिकामं, १० लाखांचा माल, सीसी फिटलेली, दुकानदारांकडून ३० लाख येणं. उरले ४०. कारखाना तोच, माणसं तीच, आणि नुसत्या तारखेने किंमत १५ लाखांनी वेगळी. म्हणून ‘बाजारभावाने किंमत’ असं एका ओळीत कधीही लिहू नका. तारीख ठरवा. मी सहसा लिहिते की मागच्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी, तीसुद्धा दोघांच्या कामाचा वाजवी पगार वजा करून, कारण तुम्ही ८ वर्षं बिनपगारी केलेलं काम नफ्यात लपलेलं आहे. ती किती पट धरायची ते आधीच आकड्यात लिहायचं. त्यात यंत्रं ठरलेल्या घसाऱ्याने आणि माल खरेदीच्या दराने मिळवायचा, आणि कर्ज वजा. जुनी उधारी, समजा सहा महिन्यांवरची, ती वसूल होईल तेव्हा वाटायची, आधी किमतीत धरायची नाही.

पैसे कसे द्यायचे तेही लिहा. काजूवाल्याकडे मे महिन्यात रोकड नसते. एकरकमी मागितली तर कारखाना विकावा लागेल आणि दोघांचंही नुकसान. ३६ हप्ते, व्याजाचा दर, आणि हप्ते दिवाळीनंतर मोठे व पावसाळ्यात लहान, असं मी एका जोडप्याला लिहून दिलं होतं आणि ते पाळलं गेलं.

बँकेची गॅरंटी हा भाग लोक हमखास विसरतात. आमच्याकडे बँक कर्ज देताना दोघांच्याही सह्या घेते हे तुम्हाला माहीत आहेच, साधा फ्लॅट विकायचा तरी दोघं उभी राहावी लागतात. बाहेर पडणारा माणूस धंद्यातून गेला तरी बँकेच्या कागदावर तसाच राहतो. तर कलम घाला की जो धंदा ठेवेल त्याने ठरलेल्या मुदतीत दुसऱ्याला गॅरंटीतून मोकळं करून द्यायचं, आणि तोवर सीसी लिमिट वाढवायची नाही. त्यासोबत ब्रँडचं नाव, ज्या मोबाइल नंबरवर दुकानदार ऑर्डर टाकतात तो नंबर, रेसिपी, पॅकिंगचं डिझाइन हे कोणाकडे राहणार ते लिहा. तुमच्या बाबतीत सगळे दुकानदार तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, म्हणजे धंद्याचा अर्धा जीव तुमच्या फोनमध्ये आहे. बाहेर पडणाऱ्याने तोच धंदा शेजारी सुरू करू नये असं हवं असेल तर भागीदारांमध्ये तशी अट चालते, पण मुदत आणि हद्द वाजवी ठेवा. ‘आयुष्यभर, संपूर्ण भारतात’ असं लिहिलं की ते कलमच हातचं जातं.

काय लिहू नये तेही सांगते. पोटगी सोडून दिली, मुलांचा ताबा अमक्याकडे, बाहेरख्याली सापडला तर हक्क संपला, घटस्फोट झाल्यास इतके लाख, असली कलमं तुमच्या मैत्रिणीच्या फॉरमॅटमध्ये पान ४ वर आहेत. बायकोचा आणि मुलांचा पोटगीचा हक्क कराराने सोडता येत नाही, आणि भविष्यातल्या फारकतीची आत्ताच सोय करणारा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून कोर्ट बाजूला ठेवतं. एक वाईट कलम आलं की समोरचा वकील सगळ्याच कागदावर बोट ठेवतो. धंद्याचा कागद धंद्यापुरता ठेवा. वाद झाला तर लवादाकडे जायचं कलमसुद्धा भागीदारीच्या हिशेबापुरतंच लिहा, लग्नाचे वाद लवादाकडे जात नाहीत.

आणि एक, नवरा धंदा बुडवत असेल, जुगारात किंवा कर्जात घालवत असेल आणि बायकोची मालमत्ता धोक्यात असेल तर लग्न चालू असतानाही कोर्टातून मालमत्ता वेगळी करून घ्यायची तरतूद आमच्या कोडमध्ये आहे. तुमची तशी परिस्थिती नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाची असेल तर त्यांनी करारात वेळ घालवू नये, थेट वकील गाठावा.

इन्कम टॅक्सचं बघा. १९६१ च्या आयकर कायद्यात आमच्यासाठीच कलम ५अ आलं (एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली, सूत्र तेच), त्याप्रमाणे समाईक मालमत्तेतल्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं-अर्धं दाखवायचं असतं. तुम्ही लिहिलंय की सगळा नफा मिस्टरांच्या रिटर्नमध्ये जातो. हे आधी दुरुस्त करा. टॅक्स वाचतो हा एक भाग झाला, पण तुमच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की दरवर्षी सरकारी कागदावर नोंद होत जाते की या धंद्यातलं अर्धं उत्पन्न तुमचं आहे. कारखान्याच्या ऑफिसात भिंतीला लागून रिटर्नच्या फायली असतील त्या काढून बघा, परिशिष्ट ५अ भरलंय का.

म्हणजे इथपर्यंतचं एवढंच, की मालकीला हात लावायचा नाही, धंद्याला नीट रूप द्यायचं, बाहेर पडायची वाट आकड्यांसकट आखायची आणि रिटर्न सुधारायचं.

वकील दोन घ्या. दोघांना मिळून एकच वकील असेल तर उद्या जो नाराज होईल तो म्हणेल मला समजावलं नव्हतं. मी नेहमी एकाचीच बाजू घेते आणि दुसऱ्याला सांगते की मसुदा घरी न्या, पंधरा दिवस ठेवा, तुमच्या माणसाला दाखवा. सोबत तीन वर्षांचे ताळेबंद, कर्जाची यादी, यंत्रांची यादी जोडा आणि दोघांनी प्रत्येक पानावर सही करा. काही लपवलंय असं पुढे निघालं तर सगळा कागद अडचणीत येतो.

आता सासरे. तुम्ही लिहिलंय की कारखान्याची जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. तर ती जमीन तुमच्या दोघांची नाही, सध्या सासू-सासऱ्यांची समाईक आहे, आणि पुढे ती मुलांमध्ये सारखी जाणार, तुमची नणंदही त्यात आली आणि तिचा नवराही. त्यांनी ठरवलं तरी सगळं एकाच मुलाला देता येणार नाही, निम्मा भाग वारसांसाठी राखीव असतो. म्हणून एलएलपीच्या नावाने सासऱ्यांकडून जागेचा नोंदणीकृत भाडेकरार करून घ्या, सासूबाईंचीही सही त्यावर हवी, आणि नणंदेला आत्ताच सांगून ठेवा. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे माणूस गेल्यावर कोर्टात होणाऱ्या वाटणीच्या वेळी तिला हे पहिल्यांदा कळलं तर कारखाना चालू असतानाच अडेल.

सांगायचं कसं, तर करार म्हणून सांगू नका, कारखान्याचे कागद नीट करतोय म्हणून सांगा, आणि तेच खरं आहे. माझ्याकडे एक म्हातारे गृहस्थ सुनेसोबत आले होते, चेहरा घट्ट. मी डीड वाचून दाखवत होते, काही बोलले नाहीत. ‘दोघांपैकी एक गेल्यास कामगारांची देणी आधी भागवावीत’ हे कलम आलं तेव्हा म्हणाले, हे कोणी घातलं? सून म्हणाली, मी. मग त्यांनी पेन मागितलं. तुमच्या डीडमध्येही सोलायला बसणाऱ्या बायकांच्या पगाराचं आणि बोनसचं असं कलम घाला, त्यांची देणी तशीही आधीच भागवावी लागतात, आणि सासऱ्यांना मसुदा दाखवताना तेच पान आधी उघडा.

वेळेचं एक सांगते. सीसी लिमिटचं रिन्यूअल असतं तेव्हा बँक तसेही सगळे कागद मागतेच, बदल त्याच वेळी करा, आणि बीची खरेदी सुरू व्हायच्या आत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत नवं पॅन आणि जीएसटी हातात हवं. एकदा मार्च उजाडला आणि गाड्या दारात लागल्या की मेअखेरपर्यंत तुम्हाला दोघांना जेवायला फुरसत नसते, कागद तर दूरच. लग्नाच्या नोंदीची प्रत, दोघांची तीन वर्षांची रिटर्न्स आणि बँकेचं सँक्शन लेटर घेऊन तुमच्या वकिलाकडे जा, एवढं असलं की पहिल्याच बैठकीत निम्मं काम होतं.